एकनाथ शिंदे

एकनाथ संभाजी शिंदे (जन्म : ९ फेब्रुवारी, १९६४) हे महाराष्ट्रातील राजकारणी असून शिवसेनेचे मुख्य नेते आहेत. ३० जून, २०२२ ते ५ डिसेंबर, २०२४ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यानंतर त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ठाणे शहर व जिल्ह्यातील शाखांचे जाळे हा त्यांच्या राजकीय सामर्थ्याचा मूळ आधार मानला जातो.

सुरुवातीचे जीवन

सातारा जिल्ह्यातील दरे हे शिंदे यांचे मूळ गाव होय. उपजीविकेसाठी हे कुटुंब ठाण्यात आले. शिक्षण अर्धवट सोडून शिंदे यांनी काही काळ रिक्षा चालवली. पुढे, मंत्री असताना, त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी मिळवली.

ठाण्यातील कारकीर्द

शिवसेनेला पहिली सत्ता १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत मिळाली होती. १९८० च्या दशकात जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी येथील संघटना घट्ट बांधली. त्यांच्या हाताखाली शिंदे किसननगरचे शाखाप्रमुख झाले आणि १९९७ मध्ये ठाणे महानगरपालिकेवर निवडून आले. २००० साली त्यांची दोन मुले बुडून मरण पावली. या आघाताने खचलेल्या शिंदे यांना दिघे यांनी पुन्हा कामात आणले व २००१ मध्ये ते महापालिकेत सभागृह नेते झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला दिघे यांचे निधन झाले आणि जिल्ह्यातील संघटनेची सूत्रे क्रमाने शिंदे यांच्याकडे आली.

विधानसभा व मंत्रिपदे

२००४ मध्ये शिंदे ठाणे मतदारसंघातून प्रथम आमदार झाले. २००९ पासून ते कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत आहेत. २०१४ मध्ये अल्पकाळ विरोधी पक्षनेते राहिल्यावर ते मंत्री झाले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत होता. २०१४ मध्येच त्यांचे पुत्र डॉ. श्रीकांत शिंदे कल्याणमधून लोकसभेवर गेले.

राज्यात युती असतानाही कल्याण-डोंबिवलीत शिवसेना व भाजप यांच्यात तीव्र स्पर्धा होती. २०१५ च्या महापालिका निवडणुकीतील प्रचारसभेत शिंदे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा उद्धव ठाकरे यांच्याकडे जाहीरपणे सोपवला होता; तो स्वीकारला गेला नाही. २०१७ मध्ये ठाणे महापालिकेत शिवसेनेने १३१ पैकी ६७ जागा जिंकून स्वबळावर बहुमत मिळवले. महाविकास आघाडी सरकारमध्ये त्यांच्याकडे नगरविकास खाते होते.

२०२२ मधील बंड

२० जून, २०२२ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर शिंदे समर्थक आमदारांसह सुरतला व तेथून गुवाहाटीला गेले. काँग्रेस व राष्ट्रवादीबरोबरची आघाडी बाळासाहेब ठाकरे यांच्या हिंदुत्वाच्या विचाराशी विसंगत आहे, अशी त्यांची भूमिका होती. समर्थकांनी या घटनेला 'उठाव' म्हटले, तर विरोधकांनी 'गद्दारी'. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी भाजपच्या पाठिंब्याने शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला त्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

पक्षावरील हक्काचा वाद

पक्ष विधिमंडळातील बहुमताचा की संघटनेचा, हा प्रश्न यातून उभा राहिला. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्या बाजूने असल्याचा आधार घेऊन निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी, २०२३ रोजी 'शिवसेना' हे नाव व 'धनुष्यबाण' हे चिन्ह त्यांच्या गटाला दिले. ११ मे, २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता चुकीची ठरवली. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवण्यात आला. १० जानेवारी, २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना मानले. दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही.

मुख्यमंत्रिपदाचा काळ

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर, २०२२ रोजी खुला झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा संमत झाला. त्याच वर्षी पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. ३ ऑक्टोबर, २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तोही याच काळात.

२०२४ च्या निवडणुका

लोकसभेत शिंदे यांच्या पक्षाने १५ पैकी ७ जागा जिंकल्या. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत पक्षाला ५७ जागा मिळाल्या. तथापि भाजपचे संख्याबळ १३२ झाल्याने मुख्यमंत्रिपद देवेंद्र फडणवीस यांच्याकडे गेले. जून २०२२ मध्ये फडणवीस शिंदे यांचे उपमुख्यमंत्री झाले होते. ५ डिसेंबर, २०२४ रोजी या भूमिका उलट झाल्या.