डिझेल, पाणी आणि सिरोंचा : इंधन-फिल्टरच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये घेतलेले पेटंट, १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरलेले त्यांचे इंजिन आणि १९२७ मध्ये बॉश कंपनीने सुरू केलेले इंधन-पंपाचे उत्पादन या घटना सर्वत्र नोंदविलेल्या आढळतात. मात्र इंजिन रोज चालू ठेवण्यासाठी जी कामे करावी लागतात, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात नेमक्या याच उणिवेकडे लक्ष वेधले. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधापेक्षा वापर व देखभाल यांच्या अंगाने पाहावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डिझेल व्हॅनच्या फिल्टरमधून पाणी काढणे हे असेच एक दुर्लक्षित काम होय. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा तालुक्याच्या संदर्भात या कामाचे स्वरूप व त्यातील बदल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जलमार्गाकडून रस्त्याकडे

सिरोंचा हे प्राणहिता नदीच्या काठी वसलेले गाव असून तेथून जवळच प्राणहिता गोदावरीस मिळते. तालुक्यातच पुढे सोमनूरजवळ इंद्रावतीही गोदावरीत विलीन होते. १८६० च्या तहान्वये हा प्रदेश निजामाकडून ब्रिटिशांकडे आला आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. वऱ्हाड-नागपूरकडील कापूस नदीमार्गाने पूर्व किनाऱ्यावर नेण्याची महत्त्वाकांक्षी योजना त्या काळात हाती घेण्यात आली होती. नदीपात्रातील खडकाळ अडथळे आणि वाढता खर्च यांमुळे १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला जाऊन सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले.

अशा प्रकारे ज्या पाण्याकडे वाहतुकीचे साधन म्हणून पाहिले गेले, तेच पाणी मोटारयुगात वाहतुकीचा अडथळा ठरले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला, तरी सिरोंचा ते जिल्ह्याचे ठिकाण हे अंतर सुमारे २०० किलोमीटर राहिले. आलापल्लीपासून सिरोंचाकडे येणारा रस्ता मोठ्या प्रमाणावर वनप्रदेशातून जातो. अशा मार्गावर वाहन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. वाहनात रुग्ण असेल तर त्याच्या जिवाचाच प्रश्न उभा राहतो.

डिझेलमध्ये पाणी का येते ?

डिझेलमधील पाणी भेसळीमुळेच येते, हा समज पूर्णतः खरा नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील रिकाम्या जागेत दमट हवा असते. रात्री टाकी थंड झाली की त्या हवेतील बाष्प पत्र्यावर जमते आणि थेंब होऊन खाली उतरते. डिझेलचे पिंप उघड्यावर उभे ठेवल्यास त्याच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते. पिंप थंड होताना आतील हवा आकुंचन पावते आणि सैल बुचाभोवतालचे पाणी आत ओढले जाते. म्हणूनच पिंप आडवे ठेवणे अथवा त्यावर आडोसा करणे श्रेयस्कर ठरते.

अधिकृत मानकही पाण्याचे अस्तित्व पूर्णपणे नाकारत नाही. भारतीय मानकानुसार भारत स्टेज-६ प्रतीच्या डिझेलमध्ये एका किलोमागे कमाल २०० मिलिग्रॅम पाणी चालते. ५० लिटरच्या टाकीत साधारण ४१ किलो डिझेल मावते. म्हणजे मानक पाळूनही त्यात सुमारे ८ ग्रॅम पाणी असू शकते. त्यापैकी काही भाग विरघळलेला असतो, तर तापमान उतरल्यावर काही भाग वेगळा होतो.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार थेंबाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा खाली बसण्याचा वेग एक-चतुर्थांश होतो. वाहन हलताना आणि पंपातून जाताना थेंब फुटून बारीक होतात व इंधनात तरंगत राहतात. रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाच्या फिल्टरमधून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाणी काढण्याच्या सवयीमागे हेच शास्त्र आहे. ही सवय पाळणाऱ्या चालकास नियमाचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती.

कामाची पद्धत

पद्धत साधी आहे. इंजिन बंद करून फिल्टरखाली काचेची बरणी धरावी व तळाचा स्क्रू सैल करावा. प्रथम पाणी व गाळ येतो, नंतर स्वच्छ डिझेल येऊ लागते. तेव्हा स्क्रू घट्ट करावा. बरणी काही वेळ स्थिर ठेवल्यास पाण्याचा थर तळाशी स्पष्ट दिसतो. त्यानंतर हातपंप मारून व वरचा स्क्रू सैल करून फेसविरहित डिझेल येईपर्यंत ‘एअर काढावी’ लागते, अन्यथा इंजिन सुरू होत नाही. काढलेले द्रव जमिनीवर, विहिरीजवळ वा नदीकाठी ओतू नये.

हे काम टाळल्यास पंपाचे भाग गंजतात, इंधनाचे वंगणकार्य घटते आणि नोझलची टोके खराब होतात. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी वाढून फिल्टर तुंबतो.

यंत्र बदलले, जबाबदारी सरकली

भारतात डिझेल वाहनांच्या प्रसारास स्वातंत्र्योत्तर काळात वेग आला. १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीने बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने इंधन-पंप बनविले. १९५४ मध्ये जमशेदपूर येथून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडले. बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटाडोर व्हॅनने डिझेल इंजिन लहान प्रवासी वाहनांत आणले. या पिढीतील इंजिनांचे इंजेक्टर साधारणपणे शे-दोनशे बार दाबाला उघडत. पाणी गेले तर ती अडखळत व धूर सोडत. बिघाडाचा इशारा चालकाच्या कानाला व डोळ्याला मिळत असे आणि उपायही त्याच्याच पेटीतील पान्याने होत असे.

एकविसाव्या शतकात कॉमन रेल पद्धत रूढ झाली आणि इंधनाचा दाब हजार बारच्या पलीकडे गेला. इंजेक्टरच्या भागांमधील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाने डिझेलमधील गंधक १० पीपीएमवर आणले. या काळात फिल्टरच्या तळाशी संवेदक आला. पाण्यातून वीज वाहते, डिझेलमधून जवळजवळ वाहत नाही, या फरकावर तो चालतो आणि चालकासमोरचा दिवा लागतो.

या बदलाचा अर्थ दुहेरी आहे. इशारा अधिक नेमका झाला, पण इंजिनाची सहनशीलता घटली. पूर्वी पाण्यामुळे वाहन अडखळे, आता महागडा इंजेक्टरच निकामी होऊ शकतो आणि त्याची दुरुस्ती विशेष यंत्रसामग्रीशिवाय होत नाही. शहरात हा प्रश्न खर्चाचा असतो. सिरोंचासारख्या ठिकाणी तो अंतराचाही असतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाल्यानंतर दुर्गम भागातील रुग्ण आणि डिझेल व्हॅन यांचे नाते अधिकच घट्ट झाले. जुलै २०२२ मधील गोदावरीच्या महापुरात तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा प्रसंगानंतर इंधन तपासणे ही सवय न राहता आवश्यकता बनते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, यंत्र प्रगत झाल्याने देखभालीची गरज संपली नाही. ती चालकाच्या हातून सुटून संवेदक व कार्यशाळा यांच्याकडे गेली. जेथे कार्यशाळा दूर आहे, तेथे मधली पोकळी चालकाच्या ज्ञानानेच भरावी लागते. दिवा लागल्यावर काय करावे हे ठाऊक नसलेल्या चालकास त्या दिव्याचा उपयोग नसतो. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी व वाहने बाळगणाऱ्या कार्यालयांनी हे काम प्रत्यक्ष हाताने शिकविणे गरजेचे आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाहनांची लॉगबुके आणि मराठी, तेलुगू व गोंडी-माडिया बोलणाऱ्या जुन्या चालकांच्या आठवणी ही इतिहासाची साधने मानून वेळीच संकलित करावीत. नदीमार्गाच्या फसलेल्या योजनेचे अहवाल अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. त्याच नद्यांच्या प्रदेशात वाहने चालू ठेवणाऱ्यांचे ज्ञान मात्र बहुतांशी त्यांच्या स्मरणातच आहे.