नाशिक–दिल्ली हवाई अंतर

नाशिकचा ओझर विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ९९० किमी. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान कमानीवर ते मोजतात. भुसावळ–भोपाळमार्गे रेल्वेने हेच अंतर साधारण १,३५० किमी भरते.

जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० किमी वेगाने जाते. त्या हिशेबाने सव्वा तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र सुमारे दोन तास असतात. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि नेमून दिलेल्या हवाई मार्गांची वळणे येतात. दिल्लीच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्याही घालाव्या लागतात. हिवाळ्यातल्या धुक्यापुढे तर वेळापत्रक केवळ शोभेचे.

ओझरची धावपट्टी सुमारे ३ किमी लांब, मूळची हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची. तेथे १९६० च्या दशकापासून मिग लढाऊ विमाने बांधली गेली; प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झाले. शहरापासून ते सुमारे २० किमी, मुंबई–आग्रा महामार्गालगत. घर ते घर प्रवासाचा हिशेब करताना हा रस्ता व विमानतळावरील तपासणीची वेळही धरावी लागते.