फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर आपली पगाराची स्लिप काढून बघा. पीएफ, टीडीएस वगैरे दणदणीत आकड्यांच्या आसपास एक किरकोळ ओळ असते: प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत त्याचे ३०० होतात. टीममध्ये नवीन आलेलं कोणीतरी दरवर्षी विचारतंच, की पेरोलवाल्यांनी घोळ घातला का? घोळ काही नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००. उरले तीनशे. सुरुवातीला ही मर्यादा २५० रुपये होती, १९८८ साली घटनादुरुस्ती करून ती दहापट केली.

पण हा कर आला कुठून? राज्याचं बजेट समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते या दोनशे रुपयांचा माग काढण्यासारखा दुसरा सोपा रस्ता नाही.

गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात तोच. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यभर नेलं आणि तिची रोजगार हमी योजना झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

यातला 'हमी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एरवी सरकार बजेटमध्ये ठरवतं की या कामावर इतके कोटी, आणि पैसे संपले की काम संपलं. इथे उलटं. माणूस काम मागायला आला तर पैसे उभे करावेच लागणार. शिवाय पाऊस पडला नाही की काम मागणारे वाढणार आणि नेमकी तेव्हाच सरकारची आवकही रोडावणार. म्हणजे खर्च कधी येईल ते आभाळावर अवलंबून!

त्यावर उपाय काढला तो असा. १९७५ पासून व्यवसाय कर म्हणजे आपला प्रोफेशन टॅक्स सुरू केला. जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, ओलिताखालची जमीन अशा बाबींवरही थोडा जादा भार टाकला. या करांतून जेवढे पैसे येतील तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची आणि वेगळा रोजगार हमी निधी ठेवायचा. चांगल्या पावसाच्या वर्षी शिल्लक टाकायची, दुष्काळात ती काढायची. थोडक्यात काय, फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या पाझर तलावाची मजुरी. शहराने खेड्याशी केलेला असा लेखी करार निदान मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आता जरा बजेटकडे वळू. राज्याच्या बजेटचे दोन भाग. महसुली भागात रोजची आवक-जावक: जीएसटी, मुद्रांक शुल्क, केंद्राकडून येणारा वाटा एकीकडे, पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं दुसरीकडे. भांडवली भागात धरणं, रस्ते, इमारती आणि कर्जाची देवघेव. महसुली जमेपेक्षा महसुली खर्च जास्त झाला तर ती महसुली तूट. आणि कर्ज सोडून बाकी सगळी जमा धरली, तरी एकूण खर्चाला जेवढे पैसे कमी पडतात ती राजकोषीय तूट. म्हणजे साधारण त्या वर्षी काढावं लागणारं नवं कर्ज.

आकडे घेऊन बघा. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. भागाकार केलात तर दिसेल, की उधारीच्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ ३४ रुपये धरणासाठी किंवा रस्त्यासाठी नव्हतेच, ते चालू खर्चाची तोंडमिळवणी करायला होते. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला काढणं वेगळं.

मग आपले दोनशे रुपये नक्की जातात कुठे? इथे एक मेख आहे. कर कोणत्याही नावाने घ्या, पैसे आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतात. तिथून विधिमंडळाच्या मंजुरीने ते ठरलेल्या निधीत वळवावे लागतात. वळवले नाहीत किंवा वळवून खर्च केले नाहीत, तर ते मोठ्या हौदातच राहतात आणि तूट तेवढी कमी दिसते. रोहयोचं तेच झालं. कित्येक वर्षं या करांतून आलेले पैसे योजनेवरच्या खर्चापेक्षा जास्त होते. पाऊस बरा झाला म्हणून कामाची मागणी घटली, हे एक कारण. पण काम मागायला आलेल्याला 'उद्या या' म्हणून परत पाठवणं हासुद्धा खर्च कमी करण्याचा मार्गच असतो, आणि हिशोबाच्या वहीत या दोन्हींचा आकडा अगदी सारखा दिसतो.

पुढे २००५ मध्ये संसदेने महाराष्ट्राचाच धडा गिरवून देशभरासाठी कायदा केला. २००६ मध्ये तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला, २००८ मध्ये सगळ्या ग्रामीण भारतात पोचला. अकुशल मजुरीचा बोजा त्या कायद्याने केंद्राकडे नेला. आपला प्रोफेशन टॅक्स मात्र कापला जातोच आहे.

असो. कर बंद करा असं मला म्हणायचं नाही. २,५०० रुपयांत आजकाल वीकेंडचं एक जेवण होतं. मुद्दा एवढाच, की बजेटच्या दिवशी टीव्हीवर ऐकू येतो तो अंदाज असतो. वर्षभराने सुधारित अंदाज येतो आणि त्याच्या पुढच्या बजेटमध्ये प्रत्यक्ष आकडा छापला जातो. तोपर्यंत सगळे विसरलेले असतात. शासनाच्या संकेतस्थळावर हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी फुकट मिळतात. आपल्याला आस्था असलेलं एकच खातं निवडा. शाळा, पाटबंधारे, रोहयो, काहीही. घोषणा किती आणि खर्च किती एवढंच ताडून बघा. अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, वजाबाकी येत असली की पुरे.