मुहूर्त 6:35 चा, नेट 6:34 पर्यंत

फेब्रुवारीतलं लग्न. मुलगी जळगावची, मुलगा धुळ्याचा, कार्यालय धुळ्यात, मुहूर्त गोरज. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती जळगावातच राहणार आणि नातीचं लग्न व्हिडिओ कॉलवर बघणार. कॉल नवरीच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या फोनवरून लागणार. हे घर मी नमुन्याचं घेतलं आहे. असं घर जळगावात गल्लीगल्लीत सापडेल. फोनची वागणूक मात्र जशी असते तशीच लिहिली आहे.

दादाचा पॅक रोज दीड जीबीचा, म्हणजे 1536 एमबी. फोन 5जी आहे, पण जुलै 2024 च्या दरवाढीपासून मोठ्या कंपन्यांनी अमर्याद 5जी रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवाल्यांपुरतं ठेवलं. दीड जीबीवाल्याचं सगळं मोजून.

रात्री 12:10. मुहूर्ताला 18 तास 25 मिनिटं

कोटा नुकताच भरला आहे. हळद आटोपून घर पांगलं, दादाने फोन चार्जिंगला लावला आणि झोपला. फोन झोपला नाही. हळदीत काढलेले फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ आता ढगात चढू लागले. साध्या फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट शंभर एमबीच्या पुढे जातं, आणि नवरदेवाची उष्टी हळद आली तेव्हाचं वाजतगाजत शूटिंग तर तीन मिनिटांचं होतं. बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल डेटा वापरा' हे बटण कधीतरी चालू झालेलं. फोन नवा घेताना सगळ्याच प्रश्नांना 'हो' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. कोंबडा आरवायच्या आत 400 एमबी गेले.

पहाटे 3:00

या वेळी कोणीच काही करत नाही, तरी पाचेक एमबी गेले. पडून असलेला फोनही कंपनीच्या सर्व्हरशी कुजबुजत असतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ज्यूरीने 1 जुलै 2025 ला गूगलला 31 कोटी 46 लाख डॉलर भरायला सांगितले, ते याच मुद्द्यावर: वापरात नसलेले अँड्रॉइड फोन ग्राहकाचा मोबाइल डेटा खर्च करून माहिती पाठवत होते. गूगलने निकाल मान्य केला नाही, अपील करू म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न म्हणून हे मोठं आहे. दादाच्या दीड जीबीत मात्र हा चोर भुरटाच.

सकाळी 7:00

कुटुंबाच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पूर. व्हॉट्सअ‍ॅप मूळच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरवतं, व्हिडिओ वाय-फायसाठी राखून ठेवतं. दादाच्या फोनवर व्हिडिओच्या चौकटीतही खूण होती. गणपती, गुलाब, हळदीतला काकांचा नाच (तोच नाच पाच जणांनी पाच कोनांतून पाठवलेला). 120 एमबी. एकूण 525.

सकाळी 8:30. मुहूर्ताला 10 तास 5 मिनिटं

वऱ्हाडाची लक्झरी निघाली. पाळधीच्या आतच भाच्याने मामाचा फोन मागितला आणि मामाने दिला. लग्नाच्या दिवशी नऊ वर्षांच्या पोराला गप्प बसवण्याचा दुसरा उपाय कोणाला माहीत असेल तर त्याने सांगावा. एरंडोल गेलं, पारोळा जवळ आलं, कार्टून संपेना. 250 एमबी.

9:45 ला एसएमएस वाजला: आजच्या डेटापैकी 50 टक्के वापरला आहे. तो आला नेमका दोन जाहिरातींच्या मधे. भाच्याने बोटाने वर ढकलला.

सकाळी 10:05. मुहूर्ताला साडेआठ तास

या नोंदीवर जरा थांबायला हवं, कारण घात इथे झाला.

पारोळ्याला चहा झाला. पुण्याहून आलेला मावसभाऊ म्हणाला, "दादा, हॉटस्पॉट दे ना दोन मिनिटं, एक मेल टाकायची आहे." लग्नालाही लॅपटॉप घेऊन येणारी पिढी. दादाने हॉटस्पॉट चालू केला. मेल गेली. मावसभाऊ लॅपटॉप मांडीवर उघडा ठेवून तिथेच पेंगला.

आता लॅपटॉपच्या बाजूने बघा. त्याला हॉटस्पॉट म्हणजे काय ते कळत नाही. त्याला दिसतं वाय-फाय. आणि वाय-फाय म्हणजे फुकटचं, घरच्या ब्रॉडबँडसारखं, हीच त्याची समजूत. त्यामुळे आठवडाभर अडून बसलेलं विंडोजचं अपडेट सुरू झालं, ऑफिसच्या फाइली ढगाशी जुळवून घेऊ लागल्या, ब्राउझरने स्वतःची नवी आवृत्ती मागवली. दोन अँड्रॉइड फोन असते तर हा गोंधळ बहुधा टळला असता. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट जोडणाऱ्या अँड्रॉइडला हळूच कळवतो की हे कनेक्शन मोजून आहे, आणि तो फोन हात आखडता घेतो. विंडोजला ही खूण कळत नाही. त्याला नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' असं हाताने सांगावं लागतं, आणि ते सांगितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मुकटी, फागणे मागे पडलं. रस्त्यात रेंज येत-जात होती, तरी पाऊण तासात 620 एमबी. एकूण 1395.

सकाळी 10:58

धुळे. कार्यालयाच्या दारात बँड, उतरायची घाई, कोणाची तरी बॅग बसमध्येच राहिलेली. 90 टक्क्यांचा एसएमएस आला. दादाने वाचलाही. पण त्याच क्षणी व्याही पुढे आले आणि फोन खिशात गेला.

दुपारी 1:30

सीमांतपूजनाचा व्हिडिओ दादाने स्टेटसला ठेवला. 61 एमबी. उरले 80.

दुपारी 4:00. मुहूर्ताला 2 तास 35 मिनिटं

रंगीत तालीम. आजीला कॉल लावून बघितला. शेजारच्या काकूंनी तिकडे फोन उशीला टेकवून उभा केला. आजीला स्टेज दिसलं, नातीचा शालू दिसला, तो कितीला पडला हे विचारून झालं. सगळं छान चाललंय म्हणून तालीम दहा मिनिटं लांबली. व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण 5 एमबी धरा. 50 गेले, 30 उरले. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' असं बटण आहे. ते या वेळी कोणाला आठवलं असतं तर पुढची नोंद निराळी झाली असती.

संध्याकाळी 6:28. मुहूर्ताला 7 मिनिटं

कॉल लागला. दादाला नवरीच्या भावाची कामं, कानपिळीचा मान त्याचा. फोन मामेबहिणीच्या हातात. अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

6:34

30 एमबी संपले. तिकडे आजीच्या पडद्यावर अंतरपाटाचं पांढरं कापड आणि त्यावर 'रीकनेक्टिंग'.

नेट पूर्ण बंद झालं नव्हतं. कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. हा आकडा बिटांचा आहे, बाइटचा नाही, आठने भागायचं. म्हणजे सेकंदाला 8 केबी. चार एमबीचा एक फोटो जायला आठ मिनिटांच्या वर लागतात, तिथे हलतं चित्र आणि आवाज कसला जातोय!

"दादा, आजी अडकली!" मामेबहीण ओरडली.

6:35

"सावधान!" अक्षता पडल्या. ताशे.

6:36 ते 6:50

जादा डेटाचा छोटा पॅक मारायचा तर कंपनीचं अ‍ॅप उघडायला हवं, आणि ते अ‍ॅप 8 केबीच्या धारेवर नुसतं गोल फिरत राहिलं. कार्यालयाला वाय-फाय होतं, पासवर्ड मॅनेजरला माहीत, मॅनेजर भटारखान्यात. आसपास दोनशे फोन हात वर करून शूटिंग करत होते. एवढ्या गर्दीत टॉवरही दमलेला. नवऱ्याच्या चुलत्यांनी आपला फोन पुढे केला, मग स्वतःच बघून म्हणाले, "आमनं बी नेट सरी गयं." शेवटी जळगावात राहिलेल्या एका मित्राला साधा फोन लावला. त्याने तिकडून दादाच्या नंबरवर पॅक मारला. हा मार्ग 6:34 लाही मोकळा होता, पण नेट गेलं की साधा कॉल करता येतो हे आठवायलाच दहा मिनिटं जातात.

6:52 ला आजी परत दिसली. आजीने स्टेज बघितलं, तर तिथे सोफा लावून फोटो काढणं चाललेलं.

रात्री 9:30

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी झाल्यावर चौकशी बसली. आरोपी ठरलेलाच होता: भाचा. त्याला समोर उभं केलं. फोनच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट', तिथून सिम, तिथून 'अ‍ॅप डेटा वापर'. उतरत्या क्रमाने यादी आली. पहिल्या ओळीत कार्टूनचं अ‍ॅप नव्हतं, टेदरिंग होतं. दुसऱ्या ओळीत फोटोंचं अ‍ॅप. तिसऱ्या ओळीत व्हॉट्सअ‍ॅप. भाचा चौथा. तो लगेच आइस्क्रीमला पळाला.

या यादीत टेदरिंगची एकच ओळ असते. पलीकडच्या यंत्राने त्यात काय काय ओढलं ते फोनला सांगता येत नाही, ते त्या यंत्रातच बघावं लागतं. काही फोनमध्ये हॉटस्पॉटला एमबीची मर्यादा लावता येते. दादाच्या फोनमध्ये होती, ती आता 100 ला लागली. बॅकअप फक्त वाय-फायवर केला, व्हॉट्सअ‍ॅपमधल्या व्हिडिओची खूण काढली, प्ले स्टोअरची आपोआप अपडेट 'कोणतंही नेटवर्क' वरून वाय-फायवर आणली. डेटा सेव्हर चालू करून कामाच्या दोन-तीन अ‍ॅपना त्यातून सूट दिली. एवढ्याला पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा सल्ले ऐकण्यात गेली.

मामेबहिणीने लग्नाचं शूटिंग जळगावला परतणाऱ्या एका पाहुण्याच्या फोनवर क्विक शेअरने दिलं. त्याला डेटा लागत नाही, दोन फोन शेजारी असले की झालं. आजीच्या हातात ते रात्री साडेबारापर्यंत पडणार होतं.

राहिला मावसभाऊ. तो म्हणत होता, "मी फक्त मेल पाठवली, हवं तर बघा." लॅपटॉप उघडला. सेन्ट आयटम्समध्ये मेल होती: 10:07, आकार 40 केबी. मग सेटिंगमधलं डेटा वापराचं पान उघडलं, आणि मावसभाऊ म्हणाला की त्याला सकाळी लवकर पुण्याला निघायचं आहे.