घागरीचा दृष्टान्त

कामरेजच्या आपल्या जुन्या मराठी घरांत संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. चंद्र का झिजतो, असे मुलांनी विचारले की आपण दक्षाच्या शापाची कथा सांगतो. कोणी पृथ्वीची सावली पडते असेही सांगतात. ती सावली मात्र ग्रहणातच पडते.

खरे उत्तर भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिले आहे. उन्हातल्या घागरीची सूर्याकडील बाजू उजळते, दुसरी स्वतःच्याच छायेने काळवंडते, चंद्राचेही तसेच. त्याचा सूर्याकडील अर्धा भाग उजळलेलाच असतो. पृथ्वीभोवती फिरताना त्यातला आपल्याला दिसणारा अंश तेवढा कमी-अधिक होतो.

या ग्रंथांच्या अध्ययनासाठी आचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्यास शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणसमयी, दान मिळाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. त्या परिसराचे पाणी गिरणेतून तापीस मिळते व कामरेजवरून सागराकडे जाते. घागरीचा दृष्टान्त मात्र आपल्या घरांत फारसा पोहोचला नाही. येत्या संकष्टीला शापाच्या कथेबरोबर तोही मुलांना सांगू या.