तांदूळ निवडायची परीक्षा

देडतलाईच्या आठवणींत आज थोडा इतिहासही सांगते.

मागच्या दिवाळीत भाची पुण्याच्या हॉस्टेलवरून गावी आली होती. ओसरीवर बसून मोबाइलवर भराभर खुणा करत होती. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, "मावशी, राइस प्युरिटी टेस्ट." शेजारी आई ज्वारी निवडत बसलेली. तिनं मान वर न करता विचारलं, "तांदूळ निवडायची परीक्षा आहे का वं?" आम्ही पोट धरून हसलो.

हा राइस तांदूळ नव्हे, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातलं विद्यापीठ. ते राइस इन्स्टिट्यूट होतं तेव्हा, 1924 साली, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात अशी पहिली प्रश्नावली आली. त्या पत्राचं नाव 'थ्रेशर', म्हणजे चक्क मळणीयंत्र! प्रश्न विचारले होते फक्त मुलींना. पुढे ती वाढत वाढत 100 प्रश्नांची झाली आणि मुलांनाही लागू झाली. जे केलं असेल त्यापुढे खूण करायची, 100 मधून खुणा वजा करायच्या, उरेल तो तुमचा निरागसपणा. कुणाचा हात प्रेमानं हातात घेतलात, एक गुण गेला. पोलिसांनी अटक केली, तरी एकच गेला.

'फक्त मुलींना' हे ऐकून मला 1981 आठवलं. तेव्हा आपलं गाव पूर्व निमाड जिल्ह्यात होतं, बुरहानपूर जिल्हा व्हायला 2003 उजाडलं. मला बघायला अकोल्याहून पाहुणे आले, छोट्या गाडीनं तुकईथडपर्यंत आणि तिथून पुढे जीपनं. मी पोहे घेऊन गेले. कॉलेजात मुलं-मुली एकत्र बसता का? एकटी सिनेमाला गेलीस का कधी? पत्र कुणाकुणाची येतात? मी खाली मान घालून उत्तरं दिली. मुलाला कुणी काहीच विचारलं नाही. नकार आला, आणि कितीतरी दिवस मी कोणतं उत्तर चुकलं तेच शोधत राहिले.

स्वतःला तपासायची यादी आपल्याकडेही जुनीच आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खांची लक्षणं दिलीत, पुढे शिकलेल्या मूर्खांचीही. वाचताना आपलं बोट आपल्याकडेच वळतं. पण तिथे तुम्ही वागता कसे हे तपासलं जातं. या टेस्टमध्ये केलेलं आणि सोसलेलं एकाच रकान्यात पडतं.

हे मी भाचीला म्हटलं तेव्हा तिचं हसू गेलं. तिला 91 मिळाले होते, म्हणून ग्रुपवर सगळ्या तिला 'काकू' म्हणत होत्या. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला 50च्याही खाली. तो आकडा हिनंच ग्रुपवर टाकला होता, गंमत म्हणून. नंतर रात्री ती मैत्रीण एवढंच म्हणाली होती, की त्यातली एक खूण तिच्या मर्जीची नव्हती. त्यानंतर ती मेसमध्ये जेवायला येईनाशी झाली.

"मावशी, टेस्टमध्ये तसं विचारतच नाहीत गं."

"टेस्ट नाही विचारत. तू विचारलंस का?"

ती उठून अंगणात गेली. बराच वेळ फोनवर होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आत आली तेव्हा डोळे लाल होते. आईनं सूप तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "बस, खडे वेच. दाण्याला नावं ठेवू नको."

मंडळी, तुम्हाला बघायला आले तेव्हा काय काय विचारलं होतं? आणि घरातल्या पुरुषांनी हेही सांगा, तुम्ही काय विचारलं होतंत?