उजवी घालून

तंजावरवरच्या एका मराठी लेखाचं इंग्रजी भाषांतर करताना ‘प्रदक्षिणा घालणे’साठी मी ‘सर्कमॅम्ब्युलेट’ लिहिलं. संपादकांनी ते खोडलं. हे क्रियापद हल्ली वापरतं कोण, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. लॅटिन ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘अँब्युलारे’ म्हणजे चालणे. याच ‘अँब्युलारे’पासून पुढे अँब्युलन्स आली, मुळात ती सैन्यामागून फिरणारं चालतं इस्पितळ होती.

माझी तक्रार वेगळी होती. या भारदस्त शब्दात गोल आहे, चाल आहे, पण बाजू नाही. प्रदक्षिणेत ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हात. उगवतीकडे तोंड केलं की उजवीकडे येते ती दक्षिण दिशा, म्हणून दोन्हींना शब्द एकच. तमिळमध्ये ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि प्रदक्षिणा म्हणजे ‘वलम् वरुदल’, उजवीने येणं. बाजू सांगणारा एक शब्द इंग्रजीनेही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून उचलला आहे: ‘डेसिल’. त्यातल्या ‘देस’चे अर्थही उजवा आणि दक्षिण असे दोन्ही, आणि नात्याने तो आपल्या ‘दक्षिण’चा लांबचा भाऊ. वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’त (1814) एक म्हातारा वैद्य जखमी नायकाच्या बिछान्याभोवती अशा तीन फेऱ्या घालतो. पण ते काही क्रियापद नव्हे.

बाजूचा एवढा हट्ट का, ते बृहदीश्वराच्या आवारात कळतं. राजराज चोळाने 1010च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ पूर्वाभिमुख आहे. आत शिरून डावीकडे वळलं की विमान उजव्या हाताला येतं आणि आपण दक्षिणेच्या अंगाने चालू लागतो. पुढे नैऋत्येला प्राकाराच्या भिंतीवर सरफोजी दुसरे यांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. मजकूर बाबूराव चिटणीसांचा, भाषा मराठी. त्याआधी चारच वर्षं, 1799च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांकडे तंजावरचा किल्ला नि आसपासचा थोडा मुलूख उरला होता. राज्य गेल्यावर वंशाची हकिकत दगडावर आली, ती लोकांच्या वाटेवर.

ही भिंत चालणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. तिच्याकडे तोंड केलं की ओळ डावीकडून उजवीकडे सरकते, म्हणजे आपल्या चालीच्याच दिशेने. राजराजाचे तमिळ लेख विमानाच्या जोत्यावर, उजव्या हाताला; त्यांच्या ओळी मात्र प्रदक्षिणेच्या उलट धावतात. यात सरफोजींची योजना शोधू नये. बाहेरच्या भिंतीवर काहीही कोरलं तरी असंच होणार. पण मराठी वाचत जायचं तर उजवी घालूनच जावं लागतं, हे खरं.

मी रेंगाळत वाचत होते. तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक आजी थांबल्या. त्यांची शाळा तमिळमध्ये झालेली, देवनागरी येत नव्हती. “वाच की मोठ्यानं,” म्हणाल्या. मी वाचत निघाले, त्या शेजारून चालत होत्या. मधली काही अक्षरं झिजलेली, एक नाव नीट लागेना म्हणून दोन पावलं मागे सरकायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं.

“मागं नको. पुढच्या फेरीला बघ.”

पुढच्या फेरीलाही ते नाव लागलं नाही. त्या तोवर नंदीपाशी जाऊन बसल्या होत्या.

भाषांतरात शेवटी मी संपादकांचे साधे शब्द ठेवले आणि त्यांना ‘देवाला उजव्या हाताला ठेवून’ एवढं इंग्रजीत जोडलं. वाक्य लांबलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.